पंचायत बरखास्त करायची, की गाव सरळ कॉर्पोरेशनमध्ये घालायचं? (बडोदा)

चाफेकळी

मंडळी, सल्ला हवाय, जरा लांबलचक होईल पण वाचा. आम्ही दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून शहराच्या पश्चिमेला एका गावात रो-हाऊस घेतलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, सरपंचांचा भाचा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे आणि तो इथेही वाचत असेल तर त्याला नमस्कार. गाव वुडात (बडोद्याच्या शहरी विकास प्राधिकरणात) येतं पण कॉर्पोरेशनमध्ये नाही, म्हणजे बांधकामाचा नकाशा वुडा मंजूर करणार आणि कचरा, दिवे, पाणी, आतले रस्ते सगळं ग्रामपंचायतीच्या गळ्यात. पंचायत म्हणजे एक हॉल, कॉम्प्युटरवर बसणारा एक मुलगा, आणि तलाटी, जो आठवड्यातले दोनच दिवस असतो कारण त्याच्याकडे अजून गावं आहेत. घरवेरो (वेरो म्हणजे कर), पाणीवेरो, सफाईवेरो, दिवाबत्ती सगळं भरतो, पावतीही मिळते. पण ड्रेनेज नाही, खाळकुवे (शोषखड्डे) आहेत, पावसाळ्यात ते तुंबले की सक्शनचा टँकर सोसायटीच्या खर्चाने. बोअरचं पाणी असं की नवा नळ लावला की वर्षाच्या आत त्यावर पांढरा थर.

आता मुद्दा. आमच्यातल्या एकाने ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं पान उघडलं (कोणालाही दिसतं, लॉगिन लागत नाही) आणि त्यात लागोपाठच्या दोन वर्षांत पेवर ब्लॉकच्या कामाचे दोनदा पैसे गेलेले दिसले, रक्कमही जवळजवळ सारखीच. झालं, ग्रुपवर आग. लगेच निवेदन तयार, "ग्रामपंचायत बरखास्त करून गाव महानगरपालिकेत समाविष्ट करावं". सह्या चालू आहेत. कागद माझ्याकडे येऊन पडलाय, सही केलेली नाही अजून. करू का?

सेवउसळ

कर की, सहीला काय पैसे पडतात. फक्त एक सांग, सही केल्यावर काय होणार असं तुमच्या ग्रुपला वाटतं?

चाफेकळी

ग्रुपला वाटतं कलेक्टर साहेब वाचतील आणि सोमवारपासून कॉर्पोरेशनची कचरागाडी गाणं वाजवत येईल :)

रावपुरेकर

चाफेकळी, मी आयुष्यभर लोकल फंड ऑडिटमध्ये पंचायतींची दप्तरं तपासली, त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा, रागावू नका. तुमच्या निवेदनात एका वाक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्यात.

पंचायत बरखास्त होते ती गुजरात पंचायत अधिनियम १९९३ च्या कलम २५३ खाली. पंचायतीने अधिकाराचा गैरवापर केला, किंवा कर्तव्यात सारखी कसूर केली, तर सरकार ती विसर्जित करू शकतं. पण त्याने गावाची पंचायत कायमची जात नाही. वहीवटदार (प्रशासक) बसतो, म्हणजे बहुतेक तालुक्याचाच एखादा माणूस, आणि घटनेच्या कलम २४३-ई प्रमाणे सहा महिन्यांच्या आत परत निवडणूक घ्यावी लागते. निवडून येणारी नवी मंडळी पूर्ण पाच वर्षं नाही, फक्त उरलेल्या मुदतीपुरती. म्हणजे आज जे सरपंच आहेत त्यांचाच चुलतभाऊ उभा राहील आणि त्याच खुर्चीवर बसेल, तुम्ही काय केलंत तर एक निवडणूक जास्त घडवलीत.

दुसरी गोष्ट म्हणजे गाव शहराच्या हद्दीत जाणं. ते पंचायत कायद्यातून होत नाही, ते महानगरपालिका कायद्यातून होतं. कॉर्पोरेशनशी सल्लामसलत करून राज्य सरकार अधिसूचना काढतं आणि हद्द बदलते, पंचायत आपोआप संपते. यात सरपंच चोर होता की साव होता हा प्रश्नच येत नाही. चांगली चाललेली पंचायतही जाते. २०२० च्या जूनमध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया आणि वडदला ही सात गावं अशीच आत आली, लोक तेव्हा मास्क लावून घरात बसले होते. त्या गावांनी चोरी केली म्हणून नाही, शहर तिथपर्यंत पोचलं म्हणून.

तेव्हा आधी ठरवा, तुम्हाला सरपंचाला धडा शिकवायचाय की ड्रेनेज हवंय.

सेवउसळ

मी त्या सातपैकीच एकात राहतो म्हणून बोलायचा हक्क सांगतो. हद्दीत गेलो म्हणजे लगेच घराखाली ड्रेनेजची लाईन उगवत नाही. आधी टीपी स्कीमचे (नगररचना योजनेचे) रस्ते मोकळे व्हायला लागतात, मग मुख्य लाईन, मग पंपिंग स्टेशन, मग प्रक्रिया केंद्रात तेवढी जागा, आणि मग कुठे तुमच्या सोसायटीचा चेंबर. पाण्याचं तेच, टाकी बांधली तरी तिच्यात कुठून तरी पाणी यायला लागतं. वेरो मात्र पटकन बदलतो. पंचायतीत घराला ठोक रक्कम होती, आता कार्पेट एरियावर. आमच्या शेजारी आजोबांचं जुनं मोठं घर, मिळकत पेन्शन, त्यांना बिल बघून घाम फुटला.

पण खोटं कशाला बोलू, दिवे सुधारले, आणि झाडू मारणारा माणूस सकाळी दिसतो. जमिनीचे भाव वर गेले ते वेगळंच. ज्याला घर विकायचंय तो खूष, ज्याला राहायचंय तो हिशोब करत बसलाय.

आणि अजून एक गंमत. आधी सरपंच गल्ल्यावर (टपरीवर) चहा पिताना सापडायचा, तिथेच धरून दिवा लागत नाही म्हणून सांगता यायचं. आता नगरसेवक. २०११ च्या जनगणनेत शहर सुमारे १६ लाख ७० हजारांचं आणि नगरसेवक ७६, म्हणजे एकामागे २२ हजार माणसं, तीसुद्धा हद्द वाढायच्या आधीची. तुम्ही त्या २२ हजारातले कितवे?

गावठाणवाला

बराच वेळ वाचतोय, आता लिहितो. मी अशाच एका गावचा, शहराला चिकटलेल्या. आमचं घराणं गायकवाडांच्या काळात इनामावर आलं आणि इथलंच झालं, घरात मराठी, फळियात (गल्लीत) गुजराती. तुमच्या सोसायट्या ज्या जमिनीवर आहेत ती आमच्यासारख्यांनीच विकली, ते कबूल, पैसे घेतले, गाड्या घेतल्या. पण सोसायटीवाल्यांचा हा सूर मला झोंबतो, की गाव म्हणजे अडाणी आणि सरपंच म्हणजे चोर.

ताई, तुम्हाला एक विचारू? तुमची मतदार यादी कुठली?

चाफेकळी

माझं नाव अजून दांडिया बाजारच्या यादीत आहे. नवऱ्याचंही. सोसायटीत बहुतेकांचं तसंच, कोणाचं मांजलपूर, कोणाचं वाडी, एक कुटुंब तर सुरतला जाऊन मत देतं.

गावठाणवाला

हेच. ग्रामसभा म्हणजे गावात राहणारे सगळे असं तुम्हाला वाटतं, पण घटनेत स्पष्ट आहे की गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव तो ग्रामसभेचा सभासद. तुमचं नाव नाही म्हणजे तुम्ही सभेत बसाल, चहा पिऊन याल, पण ठरावाच्या वेळी तुमचा हात मोजला जाणार नाही. आणि सरपंच कशाला तुमचं ऐकेल? त्याला तुमच्या गल्लीतून एक मत येत नाही. तो फळियातला रस्ता आधी करणार, मी त्याच्या जागी असतो तर मीही केला असता. तुम्ही वेरो भरता हे खरं पण पंचायतीचा मोठा पैसा वेरोतून येतच नाही, वरून ग्रँट येते.

आणि पेवर ब्लॉकचं म्हणाल तर कदाचित दोन वेगळे तुकडे असतील. आमच्या गावात पाण्याची लाईन टाकायला रस्ता उकरला, मग परत बसवला, कागदावर दोन कामं. विचारलंत का कोणाला?

दांडिया_बाजार

सरपंचांचा भाचा सापडला बहुतेक :D

गावठाणवाला

भाऊ, मी भाचा नाही, काका वगैरे पण नाही. मागच्या खेपेला पडलेल्या उमेदवाराचा मतदार आहे. तरी सांगतो, पंचायत जाऊ नये.

रावपुरेकर

गावठाणवाला म्हणतायत त्यात तथ्य आहे आणि पेवर ब्लॉकमागे एक कारणही आहे जे शहरी लोकांना माहीत नसतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) ग्रँटमधला ६० टक्के हिस्सा बांधील होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेले ४० टक्के मोकळे, पण त्यातून पगार काढता येत नव्हता. आता छोट्या पंचायतीने त्या मोकळ्या पैशाचं काय करायचं? पेवर ब्लॉक. लवकर होतं, फोटो चांगला येतो, मोजायला सोपं, कॉन्ट्रॅक्टर तालुक्यातच मिळतो. म्हणून गावोगाव पेवर ब्लॉक दिसतात. दोनदा दिसला म्हणजे चोरी झाली असं नाही आणि झालीच नाही असंही नाही, पोर्टलवर फक्त पेमेंट दिसतं, काम दिसत नाही.

काम बघायचं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. गुजरातमध्ये फी २० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यायला हवं, नाहीतर अपील. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, तलाटी बाड पुढे ढकलेल किंवा काहीच देणार नाही. नेमकं मागा, त्या दोन कामांचं एस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, माप पुस्तिकेची पानं, व्हाउचर, आणि पूर्णतेचा दाखला. यात खरा दागिना माप पुस्तिका. तिला सगळे एम.बी. म्हणतात. तालुक्याचा अ.म.ई. (अधिक मददनीश इजनेर, म्हणजे खालच्या पायरीचा इंजिनियर) जागेवर येऊन लांबी-रुंदी-जाडी लिहितो, सही करतो, त्यावर बिल निघतं. गडबड असेल तर तिथेच असते, कारण व्हाउचर कोणीही नीट बनवतो पण रस्त्याची लांबी बदलत नाही. टेप घ्या आणि जा.

राजवाड्यावरचा

इंदूरहून राम राम. हमारे यहाँ, म्हणजे आमच्याकडे एमपीत तुमच्यापेक्षा एक शस्त्र जास्त आहे भिया, सरपंचाला परत बोलवायची सोय. पंचायत राज कायद्यात कलम २१-क. अर्धी मुदत झाल्यावर ग्रामसभेच्या एक तृतीयांश सभासदांनी सह्या करून नोटीस द्यायची, मग गुप्त मतदान, आणि एकूण सभासदांच्या निम्म्याहून जास्त मतं विरोधात पडली तर सरपंच घरी. ऐकायला झकास पण एकूण सभासदांच्या निम्मे म्हणजे निम्मे, आलेल्यांच्या निम्मे नाही. सोयाबीनच्या काढणीत कोण येतंय मत द्यायला.

आणि गावं शहरात घालायचं विचाराल तर इंदूरमध्ये २९ गावं आली आत, वॉर्ड ६९ चे ८५ झाले. माझे सासरे त्यातल्या एका गावचे. स्वच्छतेत आम्ही नंबर वन वगैरे सगळं बरोबर, अभिमान आहेच, पण सासरे आजही म्हणतात "निगम का टॅक्स और गाँव की सडक". जावई म्हणून मी मान डोलावतो.

चाफेकळी

आमच्याकडे परत बोलवायची सोय नाही का मग?

रावपुरेकर

नाही. गुजरातमध्ये लोकांनी थेट सरपंच काढायची तरतूद नाही. पंचायतीचे सदस्य अविश्वास आणू शकतात, दोन तृतीयांश बहुमत लागतं. शिवाय गैरवर्तणूक सिद्ध झाली तर जिल्हा विकास अधिकारी सरपंचाला सुनावणी घेऊन काढू शकतो. तिसरा छुपा मार्ग सदस्यांना पाठ असतो, बजेट नामंजूर करायचं. बजेट अडलं की वरून सुपरसीडची (पंचायत बाजूला सारण्याची) टांगती तलवार येते. मी अशी पंचायत बघितलीय जिथे भांडण सरपंचाच्या मुलाच्या लग्नात कोणाला बोलावलं नाही यावरून होतं आणि बळी बजेटचा गेला, सहा महिने गावात ट्यूबलाईट बदलली गेली नाही.

वहीवटदाराच्या राज्याबद्दल फार आशा ठेवू नका. जून २०२५ ला पंचायतींच्या निवडणुका झाल्या त्याआधी ओबीसी आरक्षणाच्या घोळात कितीतरी गावांत मुदत संपून वहीवटदारच बसलेले होते. त्या गावातल्या कोणाला विचारा, सही घ्यायला तालुक्याला किती खेपा पडल्या.

कोथरूडकर

पुण्याचा अनुभव सांगतो. २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३ आली. गाजावाजा प्रचंड. मग फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने टॅक्सच्या नावाने असा आवाज काढला की ती दोन गावं पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे आत जाता येतं, बाहेरही येता येतं, पण मधल्या वर्षांत थकबाकी, पाण्याची टाकी कोणाची, कर्मचारी कोणाचे याचा जो गुंता होतो तो बघायला धीर हवा. सही करायच्या आधी बघा की तुमच्या गावची मालमत्ता काय आहे. तळं, गायरान, पंचायतीची दुकानं. हे सगळं हद्द बदलली की कॉर्पोरेशनकडे जातं.

गावठाणवाला

गौचर म्हणतो आम्ही. आणि हेच दुखणं आहे. पंचायत असेपर्यंत गौचर कोणी मागितलं तर निदान ग्रामसभेत विषय येतो, बायका पदर खोचून भांडतात, माझ्या डोळ्यासमोर ठराव परत गेलाय. कॉर्पोरेशनमध्ये तो एक प्लॉट नंबर होतो.

करमसदचं बघितलंत ना? १ जानेवारी २०२५ ला गुजरातमध्ये नऊ नव्या महानगरपालिका झाल्या, त्यात आणंदमध्ये करमसद आणि विद्यानगर घातलं. सरदार पटेलांचं गाव. लोक रस्त्यावर आले, शेवटी नावात करमसद घालून करमसद आणंद महानगरपालिका झाली. नाव मिळालं पण पालिका गेली ती गेलीच.

मोकळं_आकाश

मी जरा तत्त्वाचं बोलतो, चालेल का? डॉ. आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावाविषयी काय बोलले ते वाचा. गाव म्हणजे संकुचितपणा आणि जातीयतेचं डबकं, व्यक्ती हाच घटनेचा पाया हवा असं त्यांचं म्हणणं होतं. आज सरपंच कोणाच्या जातीचा, कोणाच्या फळियात आधी नळ, हे बघितलं तर ७५ वर्षांनी वेगळं काय आहे? गावठाणवाला भाऊ, तुमच्या फळियात रस्ता आधी होतो, पण वासात (दलित वस्तीत) कधी होतो तेही सांगा. माझी आई अशाच एका वासातली. तिथे नळ आला तो सरपंचाच्या कृपेने नाही, बाहेरच्या अधिकाऱ्याने कागदावर सक्ती केली तेव्हा. म्हणून मला तरी पंचायत गेली तर दुःख नाही.

गावठाणवाला

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, शेवटी होतो. खोटं बोलणार नाही.

रावपुरेकर

मोकळं_आकाश, तुमचा मुद्दा मी मान्य करतो पण अर्धाच, कारण शहराचा इतिहासही बघायला हवा. १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी याच बडोद्यात आले होते. गाव नव्हतं, राजधानी होती, सयाजीरावांसारखा राजा होता, तरी त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि कमाटी बागेत झाडाखाली बसावं लागलं. आज तिथे संकल्पभूमी आहे. हद्द बदलल्याने माणसं बदलतात हे मला पटत नाही. बाकी बाहेरून होणाऱ्या सक्तीचा उपयोग असतो, ते तुम्ही म्हणता ते खरं, ऑडिट म्हणजे दुसरं काय आहे.

हडसनकाठी

मी बडोद्याचीच, शियाबागची, आता न्यूयॉर्क राज्यात. इथे गंमत म्हणजे लोक खरोखर आपलं व्हिलेज, म्हणजे टाउनच्या आतली छोटी नगरपालिका, बरखास्त करतात, स्वतः मत देऊन! २०१० पासून लागू झालेला कायदा आहे. व्हिलेजच्या मतदारांपैकी १० टक्क्यांनी किंवा ५,००० जणांनी, जे कमी असेल तितक्यांनी, सह्या केल्या की मतदान घ्यावंच लागतं. सेनेका फॉल्स नावाचं गाव, १८४८ च्या स्त्रीहक्क परिषदेमुळे प्रसिद्ध, त्यांनी २०१० मध्ये मत दिलं आणि ३१ डिसेंबर २०११ ला त्यांचं व्हिलेज संपलं. कारण काय तर कर. तिथला रहिवासी व्हिलेजला कर देतो, टाउनला देतो, काउंटीला देतो, शाळेला वेगळा. एक थर कमी केला तर बिल कमी होईल असा हिशोब.

पण काम कुठे जात नाही हो. बर्फ काढायचाच असतो, तो मग टाउनने काढायचा. आणि मत फक्त व्हिलेजच्या मतदारांचं, आजूबाजूच्या टाउनवाल्यांना मत नाही, बोजा मात्र त्यांच्याही अंगावर येतो, त्यावरून जे भांडण! कित्येक ठिकाणी लोक सह्या करतात आणि प्रत्यक्ष मतदानाला नको म्हणतात, कारण तोपर्यंत कोणीतरी गणित मांडून दाखवलेलं असतं. तुमच्याकडे निदान गणित तरी कोणी मांडलंय का?

चाफेकळी

गणित वगैरे नाही, आमच्याकडे फॉरवर्ड आहेत. सही थांबवली आहे, अर्ज टाकते.

दांडिया_बाजार

हा धागा मरणार बघा. अर्ज टाकते म्हणणारे परत येत नाहीत.

चाफेकळी

आले परत, धागा वर काढतेय, दांडिया_बाजार यांनी सेवउसळ खाऊ घालावी.

कागद मिळाले. मुदत उलटून गेल्यावर, अपिलाचा अर्ज घेऊन तालुक्याला गेले तेव्हा दुसऱ्या दिवशी तलाटींचा स्वतःहून फोन आला. पेवर ब्लॉकचं गावठाणवाला म्हणाले तसंच निघालं. पहिलं काम नाक्यापासून मंदिरापर्यंत, दुसरं मंदिरापासून शाळेपर्यंत. मी आणि शेजारच्या काकू टेप घेऊन गेलो, एम.बी.तली लांबी आणि रस्त्याची लांबी जुळली, हात-दीड हाताचा फरक. फळियातल्या बायका ओट्यावर बसून बघत होत्या, एकीने येऊन टेपचं दुसरं टोक धरलं आणि विचारलं "कॉर्पोरेशनमां जवानुं छे?" मी म्हटलं नाही, मोजतोय फक्त.

पण. त्याच व्हाउचर फाईलमध्ये चुकून की काय एक जास्तीचं पान आलं, एलईडी दिव्यांचं. रस्ता तोच, आमच्या सोसायटीच्या गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंतचा. बिलात दिवे २४. संध्याकाळी मुलाला घेऊन खांब मोजले, १७. त्यातले बंद धरून १७. उलटे येताना परत मोजले. मुलगा म्हणाला कदाचित सात कोणाच्या घरात लागले असतील.

रावपुरेकर

शाबास. आता घाई करू नका. आधी स्टॉक रजिस्टर बघा, सात दिवे स्पेअर म्हणून कपाटात असू शकतात, असतात कधीकधी. तिथे नोंद नसेल तर तालुका विकास अधिकाऱ्याला लेखी अर्ज, प्रत जिल्हा विकास अधिकाऱ्याला. अर्जात "भ्रष्टाचार" हा शब्द घालू नका, फक्त लिहा की बिलात अमुक, जागेवर तमुक, फरकाचा खुलासा व्हावा. शब्द मोठा घातला की समोरचा माणूस शब्दाशी भांडतो आणि सात दिवे बाजूला राहतात.

मोकळं_आकाश

आणि वासातले खांब पण मोजा. तिथे बिलच नसेल कदाचित.

चाफेकळी

मोजले. तिथे चार खांब आहेत आणि दिवा एकाला. बिल नाही, बरोबर ओळखलंत. ते मी वेगळ्या अर्जात घातलंय, ग्रामसभेच्या विषयपत्रिकेसाठी.

सेवउसळ

मग सह्यांच्या कागदाचं काय झालं?

चाफेकळी

सोसायटीच्या मीटिंगमध्ये चांगली जुंपली. चेअरमन म्हणतात सात दिवे म्हणजे पुरावाच मिळाला, आता तर बरखास्तच करा. मी म्हटलं वहीवटदार आला तर हे सात दिवे कोणाला विचारणार, तो म्हणेल माझ्या आधीचं आहे. कॉर्पोरेशनमध्ये जावं असं मला अजूनही वाटतं, ड्रेनेज पंचायतीच्या आवाक्यातलं नाहीच, कोणी कितीही प्रामाणिक असला तरी खाळकुव्याची गटार होत नाही. शहर येईल तेव्हा येईल, ते सरकार ठरवणार. तोवर फळियातल्या बायकांना जे टोक धरता येतं ते मला का नको, म्हणून आम्ही काही घरांनी नाव हलवायला फॉर्म ८ भरलेत. सगळ्यांनी नाही. एक काका म्हणाले गावच्या यादीत नाव गेलं की दांडिया बाजारचा नगरसेवक ओळख दाखवायचा नाही, त्यांचं दुकान तिथे आहे.

गावठाणवाला

या सभेला. लवकर या, पुढच्या खुर्च्या पडलेले उमेदवार अडवतात :)

आणि हजेरीच्या रजिस्टरमध्ये सही करताना वरची ओळ बघून करा. आमच्याकडे कोऱ्या पानावर सह्या घेऊन ठराव मागाहून लिहायची पद्धत होती, आता नाही म्हणतात, तरी बघा.

राजवाड्यावरचा

भिया ही टीप इंदूरलाही चालेल.

रावपुरेकर

चाफेकळी, टीडीओकडे (तालुका विकास अधिकाऱ्याकडे) अर्ज दिलात का? इनवर्ड नंबर घेतलात?

चाफेकळी

दिला. नंबर घेतला, शिक्क्यावरची तारीख पुसट आहे म्हणून क्लार्ककडून पेनाने परत लिहून घेतली, तो वैतागला. स्टॉक रजिस्टर अजून दाखवलेलं नाही, तलाटी म्हणतात कपाटाची चावी सरपंचांकडे आहे आणि सरपंच लग्नाला भरूचला गेलेत.